एक अक्षर टाकताच रकाना सुटतो : रिअ‍ॅक्टमधील सामाईक इनपुट कंपोनंट आणि पुन्हा पुन्हा परतणारा दोष

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात एका गावी शेतकऱ्यांच्या गटाचे कापूस संकलन केंद्र चालते. तेथील आवक नोंदवण्यासाठी मी रिअ‍ॅक्टमध्ये (वेबपानांचे पडदे बांधण्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी) एक अर्ज करून दिला आहे. शेतकऱ्याचे नाव, मौजा, मोबाईल क्रमांक, सातबाऱ्यावरील गट क्रमांक व आराजी (जमिनीचे क्षेत्र), आणि काट्यावर भरलेले वजन असे त्यात रकाने आहेत. दिसायला सगळे सारखेच: वर रकान्याचे नाव, खाली पेटी, आणि काही चुकले तर पेटीखाली लाल अक्षरांत सूचना. साहजिकच प्रत्येक रकाना वेगळा न लिहिता मी एकच कंपोनंट (पडद्याचा पुन्हा पुन्हा वापरता येणारा सुटा भाग) लिहिला आणि तोच सगळीकडे वापरला. कोणीही हेच करील, आणि हेच करावे. मात्र असा कंपोनंट पाच पडद्यांवर पोहोचला की त्यातील एक दोषही पाच पडद्यांवर पोहोचतो, आणि काट्यासमोर गाड्यांची रांग लागलेली असताना तो दोष शोधत बसण्याची सोय नसते.

केंद्रावर नोंदी घेणाऱ्या ताईंचा पहिला निरोप असा होता: “भाऊ, एक अक्षर टाकलं का कीबोर्ड खाली जाते. पुन्हा पेटीवर बोट ठेवा लागते.” मी दोष दूर केला. तीन आठवड्यांनी शब्दशः तोच निरोप पुन्हा आला. तोही दोष काढला, आणि त्यानंतर काही दिवसांनी तिसऱ्यांदा तेच, फक्त या वेळी प्रत्येक अक्षराला नव्हे, तर अधूनमधून. लक्षण तिन्ही वेळा एकच होते आणि कारणे तीन निघाली. दुसऱ्या वेळी मी पहिल्याच कारणाच्या मागे लागून अर्धा दिवस घालवला, म्हणून ही टिपणी लिहीत आहे.

आधी पेटी तीच आहे का, ते पाहावे

कर्सर सुटणे आणि मजकूर बिघडणे या दोन तक्रारी सांगणाऱ्याच्या तोंडून एकसारख्याच ऐकू येतात, पण त्यांची मुळे वेगळी आहेत. पहिल्या प्रकारात पडद्यावरची पेटीच नष्ट होऊन तिच्या जागी हुबेहूब दुसरी पेटी येते. डोळ्यांना फरक कळत नाही. परंतु कर्सर जुन्या पेटीत होता, तो तिच्यासोबत गेला, आणि कर्सर गेल्यामुळे मोबाईलने कळफलक मिटून घेतला. दुसऱ्या प्रकारात पेटी तीच राहते, पण तिच्यातील मजकूर कोणीतरी वरचेवर पुन्हा लिहीत असते. कोणता प्रकार आहे हे ठरवल्याशिवाय कोडला हात लावू नये.

ठरवण्याची युक्ती सोपी आहे. संगणकावर क्रोममध्ये अर्ज उघडावा, त्या पेटीवर उजवी कळ दाबून ‘इन्स्पेक्ट’ घ्यावे, आणि कन्सोलमध्ये (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) डॉलर-शून्य या नावाने मिळणारा निवडलेला नोड, म्हणजे पानावरील तो घटक, एका चलात साठवून ठेवावा. मग अर्जात परत येऊन एकच अक्षर टाकावे आणि कन्सोलमध्ये त्या चलाचा ‘इजकनेक्टेड’ (नोड अजून पानावर आहे का) हा गुणधर्म विचारावा. उत्तर ‘फॉल्स’ आले तर पेटी बदलली. ‘ट्रू’ आले तर पेटी तीच आहे आणि गडबड मजकुराची आहे. नोड आधी चलात साठवणे आवश्यक आहे, कारण पेटी नाहीशी झाल्यावर निवड दुसऱ्याच नोडवर सरकू शकते आणि मग आपण भलत्याच वस्तूची चौकशी करीत बसतो.

कंपोनंटच्या पोटात कंपोनंट

पहिल्या वेळचे कारण सर्वांत प्रसिद्ध आहे, तरी त्यात सगळेच एकदा तरी सापडतात. अर्जाच्या मुख्य कंपोनंटच्या आतच मी रकान्याचा कंपोनंट एक छोटे फंक्शन म्हणून लिहिला होता. त्यामुळे अर्जाची स्टेट (त्याने लक्षात ठेवलेली माहिती), चुकांची यादी आणि बदल टिपणारे फंक्शन त्याला आपोआप हाताशी मिळत होते आणि प्रॉप (कंपोनंटला बाहेरून दिलेली माहिती) म्हणून काही द्यावे लागत नव्हते. सोय म्हणून केलेली ही गोष्टच घातक ठरली.

रिअ‍ॅक्ट प्रत्येक रेंडरच्या, म्हणजे पडदा नव्याने आखण्याच्या, वेळी पडद्यावरील घटकांचे मागील झाड आणि नवे झाड ताडून पाहतो. एखाद्या जागी मागच्या वेळी होता त्याच प्रकारचा कंपोनंट आला, तर जुनी पेटी आणि जुनी स्टेट तो जपतो; प्रकार बदलला, तर जुने सारे उखडून नवे लावतो. फंक्शन कंपोनंटच्या बाबतीत ‘प्रकार’ म्हणजे ते फंक्शनच होय, त्याचे नाव नव्हे. मुख्य कंपोनंटच्या आत लिहिलेले फंक्शन दर रेंडरला नव्याने जन्माला येते. नाव तेच, मजकूर तोच, तरी जावास्क्रिप्टच्या दृष्टीने वस्तू दुसरी. ताईंनी ‘र’ टाकला, स्टेट बदलली, रेंडर झाले, नवे फंक्शन तयार झाले, रिअ‍ॅक्टने मागचा कंपोनंट आणि त्याची पेटी काढून टाकली. एकेका अक्षराला हे चक्र चालू होते, आणि अर्जातील सगळेच रकाने त्यात सापडत होते.

उपाय म्हणजे तो कंपोनंट बाहेर, फाइलच्या वरच्या पातळीवर नेणे आणि लागणारी प्रत्येक गोष्ट प्रॉप म्हणून देणे. प्रॉपची यादी लांबते याचा कंटाळा येतो हे खरे. पण ती यादी लांबते म्हणजे कंपोनंट वास्तविक कशाकशावर अवलंबून आहे हे पहिल्यांदाच कागदावर येते. पेटीला सजवण्यासाठी एखाद्या लायब्ररीने रंगरूप दिलेला कंपोनंट अर्जाच्या आत तयार केला, किंवा एका कंपोनंटला गुंडाळून दुसरा देणारे फंक्शन रेंडरच्या वेळी बोलावले, तरी परिणाम हाच होतो. ती फसवणूक ओळखू येत नाही, कारण ‘आत कंपोनंट लिहिला आहे’ असे तेथे दिसत नाही.

ओळींची ‘की’

दुसऱ्या वेळी तो कंपोनंट बाहेरच होता. तक्रार केवळ गट क्रमांकाच्या रकान्यात होती, हे मी नीट ऐकले असते तर अर्धा दिवस वाचला असता. एका शेतकऱ्याच्या दोन-तीन गटांत जमीन असते, म्हणून तेथे ओळींची यादी आहे: गट क्रमांक, आराजी, आणि ‘आणखी एक गट’ अशी कळ. यादीतील प्रत्येक ओळीला रिअ‍ॅक्ट एक ‘की’ (ओळखचिन्ह) मागतो. (मराठीत लिहिताना या शब्दाने फार घोटाळा होतो, म्हणून तो अवतरणात ठेवत आहे.) ‘की’ वेगळी आणि कायमची हवी, एवढे मला ठाऊक होते, आणि एका गावात गट क्रमांक वेगळाच असतो, म्हणून मी गट क्रमांकालाच ‘की’ केले.

पण तो गट क्रमांक तर त्याच पेटीत टंकला जात होता. ‘४’ टाकला तेव्हा ‘की’ चार झाली; पुढे ‘५’ टाकताच ती पंचेचाळीस झाली; रिअ‍ॅक्टच्या लेखी चारची ओळ गेली आणि पंचेचाळीसची नवी ओळ आली. पेटी बदलली, कर्सर गेला. रेंडरमध्ये यादृच्छिक संख्या काढून ‘की’ देणाऱ्यांचेही हेच होते, आणि ते निदान लवकर लक्षात येते, कारण तेथे एकही रकाना नीट चालत नाही.

ओळीच्या क्रमाला ‘की’ केले तर कर्सर सुटत नाही, म्हणून अनेक जण तेथे थांबतात. मी थांबणार नाही. तीन ओळींपैकी मधली काढली की तिसरी ओळ दुसऱ्या क्रमांकावर येते आणि दुसरीची ‘की’ तिला मिळते. मजकूर स्टेटमधून येत असेल तर तो बरोबर दिसतो, पण त्या ओळीच्या आत ठेवलेली स्वतःची स्टेट, म्हणजे ‘या रकान्याला हात लागला आहे का’, ‘सूचना दाखवायची का’ अशा गोष्टी, काढून टाकलेल्या ओळीच्याच राहतात. ताईंनी काढलेल्या गटाची लाल सूचना चांगल्या भरलेल्या गटाखाली उभी राहते. आणि पेटी स्वतःचा मजकूर स्वतः सांभाळणारी असेल, तर चुकीची ओळ काढली गेल्यासारखेच दिसते.

योग्य मार्ग असा: ओळ यादीत घालताना तिला एकदाच ओळखक्रमांक द्यावा, तो ओळीच्या माहितीतच ठेवावा आणि पुढे तो कधीही बदलू नये. येथे एक खास ग्रामीण खड्डा आहे. मी ओळखक्रमांकासाठी ब्राउझरचे ‘क्रिप्टो रँडम यूयूआयडी’ वापरले. माझ्या संगणकावर ते व्यवस्थित चालले. केंद्रावर इंटरनेट सारखे जाते, म्हणून तेथे एका संगणकावर अर्ज चालू ठेवून बाकीच्या मोबाईलवर तो वाय-फायमधून त्या संगणकाच्या आयपी पत्त्यावर उघडतात, म्हणजे साध्या ‘एचटीटीपी’ने. हे फंक्शन फक्त सुरक्षित संदर्भात, म्हणजे ‘एचटीटीपीएस’वर किंवा लोकलहोस्टवर उपलब्ध असते, त्यामुळे मोबाईलवर ‘आणखी एक गट’ ही कळ दाबली की काहीच होत नव्हते. एक साधा वाढता आकडा ‘यूजरेफ’मध्ये (रेंडर झाले तरी मूल्य जपणाऱ्या जागेत) ठेवला आणि काम भागले. आयडी तयार करून देणारे ‘यूजआयडी’ मात्र येथे वापरू नये. ते यादीच्या ‘की’साठी नाही, असे रिअ‍ॅक्टच्या दस्तऐवजातच म्हटले आहे.

सूचना उमटताच पेटी जाते

तिसरे कारण मला सर्वांत आवडले, कारण ते सामाईक कंपोनंटच्या पोटातच होते. कर्सर प्रत्येक अक्षराला सुटत नव्हता. मोबाईल क्रमांकाचा पहिला अंक टाकताच सुटत होता आणि दहावा अंक टाकताच पुन्हा एकदा सुटत होता. पहिल्या अंकाला ‘क्रमांक दहा अंकी हवा’ ही सूचना उमटत होती आणि दहाव्या अंकाला ती जात होती. दोष सूचनेच्या येण्याजाण्याशी बांधलेला आहे, हे दिसल्यावर बाकीचे पाच मिनिटांचे काम होते.

मी कंपोनंटमध्ये असे लिहिले होते: चूक नसेल तर नुसती पेटी परत करावी, चूक असेल तर एक वेष्टन, त्यात पेटी आणि तिच्याखाली सूचना परत करावी. माणसाला दोन्हीकडे तीच पेटी दिसते. रिअ‍ॅक्टला मात्र त्या जागी आधी पेटी दिसली आणि आता वेष्टन दिसले. प्रकार बदलला, म्हणून त्याने सगळे उखडले. यावर उपाय एवढाच की झाडाचा आकार कधीही बदलू द्यायचा नाही. वेष्टन नेहमीच असावे, पेटीची जागा नेहमी तीच असावी, आणि सूचना असेल तर तिच्या ठरलेल्या जागी यावी, नसेल तर तेथे काहीच नसावे. ‘चूक आहे आणि म्हणून सूचना’ अशा अटीने लिहिलेली रिकामी जागाही रिअ‍ॅक्ट एक जागा म्हणून मोजतो, त्यामुळे शेजारच्या पेटीला धक्का लागत नाही.

याच निमित्ताने सूचना केव्हा दाखवावी हेही बदलले. पहिल्याच अंकाला ‘दहा अंकी हवा’ म्हणणे हा खवटपणा आहे. समोरचा माणूस उरलेले नऊ अंक टाकायचा आहेच. आता रकाना सोडल्यावर सूचना येते, आणि एकदा आली की मग दुरुस्त होताक्षणी जाते.

पेटी तीच, पण मजकूर कोणाचा

येथून पुढे ‘इजकनेक्टेड’ला ‘ट्रू’ असे उत्तर येणारे दोष. यांतील पहिला मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण तो कर्सर सोडत नाही, मुकाट्याने चुकीची नोंद करवतो.

एका शेतकऱ्याची नोंद जतन करून पुढचा अर्ज उघडला की मागच्या शेतकऱ्याचा मोबाईल क्रमांक पेटीत तसाच दिसत होता. ताईंना वाटले, क्रमांक आधीच भरलेला आहे. जतन केल्यावर नोंदीत तो रकाना रिकामा. कारण असे की अर्ज मोकळा करताना मी स्टेट ‘रिकामी वस्तू’ करीत होतो, त्यामुळे मोबाईलची व्हॅल्यू ‘अनडिफाइन्ड’ (मूल्यच नाही) होत होती. पेटीला व्हॅल्यू ‘अनडिफाइन्ड’ किंवा ‘नल’ दिली की रिअ‍ॅक्ट ती पेटी आपल्या ताब्यातील आहे असे मानत नाही, म्हणून तिच्यातील मजकुराला हातही लावत नाही. पेटी जुना मजकूर धरून बसते आणि स्टेट रिकामी असते. कन्सोलमध्ये ‘नियंत्रित पेटी अनियंत्रित होत आहे’ अशा अर्थाचा इशारा येत होता, आणि मी तो ‘नुसता इशारा आहे’ म्हणून सोडून दिला होता.

कंपोनंटमध्ये व्हॅल्यू नसेल तर रिकामी अक्षरमाला द्यावी, हा एका ओळीचा उपाय आहे आणि तो करावाच. पण तेवढ्यावर समाधान मानले तर मूळ माहितीतील उणीव झाकली जाते. म्हणून अर्जाच्या आरंभीच्या स्टेटमध्ये प्रत्येक रकाना नावानिशी रिकाम्या अक्षरमालेसह असावा, असा नियम मी घातला आहे.

याच कुळातील दुसरी चूक म्हणजे सामाईक कंपोनंटने व्हॅल्यूची स्वतःची प्रत ठेवणे. बाहेरून प्रॉप येतो, आत त्याची स्टेट बनते, आणि प्रॉप बदलला की इफेक्टमधून (रेंडर झाल्यावर चालणाऱ्या कोडमधून) आतील स्टेट दुरुस्त केली जाते. ही एका बंडीवर दोन धुरकरी बसवण्यातली गत आहे. प्रॉप बदलल्यानंतर आधी जुन्या मजकुरासह एक रेंडर होते आणि मग नवा मजकूर येतो. त्या मधल्या क्षणी कोणी टंकत असेल तर त्याची अक्षरे जातात. व्हॅल्यू अर्जाची असेल तर कंपोनंटने ती फक्त दाखवावी आणि बदल कळवावा. किंवा व्हॅल्यू पेटीची असेल तर अर्जाने आरंभीचा मजकूर देऊन बाजूला व्हावे. पुढच्या शेतकऱ्यासाठी सगळा अर्ज नव्याने हवा असेल, तर संपूर्ण अर्जालाच नोंदीच्या ओळखक्रमांकाची ‘की’ द्यावी. गट क्रमांकाच्या ओळीत जी गोष्ट घात करीत होती, तीच येथे जाणूनबुजून कामाला लावता येते: ‘की’ बदलली की जुना अर्ज आतल्या सगळ्या स्टेटसह जातो आणि कोरा येतो.

आराजीचा दशांश आणि देवनागरी अंक

सातबाऱ्यावर आराजी हेक्टर-आर मध्ये असते. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, म्हणून दोन एकरांचे शेत साधारण ०.८१ हेक्टर असे येते. ताईंना ०.०५ लिहिता येईना. शून्य, मग दशांशचिन्ह टाकले की चिन्ह नाहीसे. कारण मी प्रत्येक बदलाला मजकुराची संख्या करून स्टेटमध्ये ठेवत होतो. ‘शून्य आणि दशांशचिन्ह’ या मजकुराची संख्या शून्य. ती पेटीत परत आली तेव्हा चिन्ह गळालेले. टंकताना मजकूर अपुरा असतो, आणि अपुऱ्या मजकुराला संख्या म्हणणे चूक आहे. म्हणून स्टेटमध्ये अक्षरमालाच ठेवावी आणि संख्या रकाना सोडल्यावर किंवा जतन करताना करावी.

‘नंबर’ प्रकारची पेटी वापरावी असा सल्ला सर्वत्र मिळतो. मी ती काढून टाकली आहे. तिच्यात कर्सर असताना माऊसचे चाक फिरले तर आकडा बदलू शकतो, आणि वजनाच्या रकान्यात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. अंकांची कमाल लांबी तिला लागू होत नाही. आणि आतील मजकूर वैध संख्या नसेल तर ती व्हॅल्यू म्हणून रिकामी अक्षरमाला देते, म्हणजे ‘काहीच लिहिले नाही’ आणि ‘चुकीचे लिहिले’ यांतील भेदच कळत नाही. साधी मजकुराची पेटी घ्यावी आणि ‘इनपुटमोड’ला ‘डेसिमल’ द्यावे. मोबाईलवर अंकांचा कळफलक येतोच. मोबाईल क्रमांकासाठी ‘टेल’ प्रकार पुरेसा आहे.

आता देवनागरी अंक. मराठी कळफलक चालू असला की माणूस ‘१२’ असेच लिहितो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. जावास्क्रिप्ट मात्र त्याची संख्या करताना ‘संख्या नाही’ असे उत्तर देते, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधील (मजकुराचा नमुना तपासण्याच्या सूत्रातील) अंकांचे नेहमीचे चिन्ह फक्त इंग्रजी अंक ओळखते. युनिकोडमध्ये ‘०’ चा क्रमांक २४०६ आणि ‘९’ चा २४१५ आहे, सलग; तेव्हा त्या टप्प्यातील अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक हाती येतो. हे रूपांतर चार ओळींचे आहे. ते करावे कधी, हा प्रश्न आहे, आणि त्यावरच पुढचा भाग.

मराठी कळफलक चालू असताना

‘रामराव’ लिहून मोकळी जागा सोडायची आणि आडनाव लिहायचे, हे माझ्या अर्जात होत नव्हते. मी प्रत्येक बदलाला दोन्ही कडांची मोकळी जागा छाटत होतो; त्यामुळे शेवटची मोकळी जागा टाकताक्षणी छाटली जाई आणि नाव-आडनाव जुळून येई. हा दोष हास्यास्पद आहे, पण तो ज्या सवयीतून आला ती सवय गंभीर आहे: टंकताना मजकूर ‘सुधारणे’.

टंकलेला मजकूर आणि स्टेटमधून परत आलेला मजकूर वेगळा असला की रिअ‍ॅक्ट पेटीत नवा मजकूर घालतो आणि कर्सर शेवटी जाऊन बसतो. नावाच्या मधले अक्षर दुरुस्त करणाऱ्याला पुढची अक्षरे भलतीकडे उमटताना दिसतात. ‘चेंज’ घडल्यावर आधी सर्व्हरला विचारून मग स्टेट बदलली तरी हेच होते, कारण मधल्या वेळेत रिअ‍ॅक्ट जुना मजकूर परत लावून टाकतो. मराठीत यावर आणखी एक थर चढतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणारा कळफलक शब्द पूर्ण होईपर्यंत मजकूर ‘जुळवत’ असतो. या जुळणीच्या काळातही रिअ‍ॅक्टचा ‘ऑनचेंज’ (प्रत्येक बदलाला चालणारे फंक्शन) चालूच राहतो. तेथे आपण मजकूर बदलला तर कळफलकाची आणि पेटीची गणती जुळत नाही, आणि अर्धे अक्षर दोनदा उमटते किंवा मात्रा हरवते. म्हणून सगळी साफसफाई, म्हणजे कडांची जागा छाटणे, अंकांचे रूपांतर, सारे काही रकाना सोडताना करावे. टंकताना जसे आले तसे ठेवावे.

एंटर दाबून पुढच्या रकान्यात जाण्याची सोय ताईंनी मागितली होती, आणि ती योग्य मागणी होती. पण कळफलकाने सुचवलेला शब्द एंटरने स्वीकारला जातो, तेव्हाही अर्ज पुढच्या रकान्यात उडी मारू लागला. एंटरची घटना आल्यावर मूळ घटनेवरचा ‘इजकंपोझिंग’ (शब्दाची जुळणी चालू आहे का) पाहावा आणि तो ‘ट्रू’ असेल तर काहीच करू नये. अँड्रॉइडवर बहुतेक कळांचा क्रमांक २२९ असाच येतो, त्यामुळे कोणती कळ दाबली यावर मजकुराचा निर्णय कधीही टेकवू नये.

साफसफाईत एक गोष्ट मी उशिरा घातली. ‘वऱ्हाड’ हा शब्द दोन प्रकारे साठवला जातो. एका कळफलकावर नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त येतो. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह येते, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधताना दोन्ही वेगळे. ‘शेतकऱ्याचे’, ‘वऱ्हाडे’ असा कोणताही शब्द यात सापडतो. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण या दोहोंना एक करीत नाही. दुसरे रूप पहिल्यात बदलणारी ओळ आपल्यालाच लिहावी लागते. एकाच शेतकऱ्याची दोन खाती कशी झाली, याचे उत्तर मला तेथे मिळाले.

उरलेल्या दोन गोष्टी

सामाईक कंपोनंटमध्ये पेटीचा ‘आयडी’ ठरावीक लिहिला तर दुसऱ्या ओळीतील ‘आराजी’ या नावावर बोट ठेवले असता कर्सर पहिल्या ओळीच्या पेटीत जातो, कारण एकाच पानावर एकच आयडी दोनदा आलेला असतो. मार्च २०२२ मध्ये आलेल्या रिअ‍ॅक्ट १८ मधील ‘यूजआयडी’ नेमके यासाठी आहे. त्यावरून पेटीचा आणि सूचनेचा असे दोन्ही आयडी बांधावे, म्हणजे पडदावाचकालाही (अंधांना पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला) कोणती सूचना कोणत्या पेटीची हे कळते.

‘रेफ’चे, म्हणजे खऱ्या पेटीपर्यंत नेणाऱ्या दुव्याचे, तसेच. जतन करताना पहिल्या चुकीच्या रकान्यावर कर्सर जावा असे वाटत असेल, किंवा रिअ‍ॅक्ट हुक फॉर्मसारखी लायब्ररी वापरायची असेल, तर बाहेरून दिलेला रेफ आतल्या खऱ्या पेटीपर्यंत पोहोचला पाहिजे. २०१८ मधील १६.३ या आवृत्तीपासून त्यासाठी ‘फॉरवर्डरेफ’ लागत असे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या रिअ‍ॅक्ट १९ पासून रेफ साध्या प्रॉपसारखा मिळतो. उरलेले प्रॉप पेटीवर पसरवताना मात्र क्रम पाहावा: ते आपल्या ‘ऑनब्लर’च्या (रकाना सोडल्यावर चालणाऱ्या फंक्शनच्या) नंतर पसरवले, तर बाहेरून आलेला ‘ऑनब्लर’ आपल्या साफसफाईला पुसून टाकतो. दोन्ही चालायला हवे असतील, तर आपल्या फंक्शनमधून आधी साफसफाई करून मग बाहेरचे फंक्शन स्वतः बोलवावे.

आता या कंपोनंटमध्ये काहीही बदलले, की केंद्रावर पाठवण्याआधी मी माझ्याच मोबाईलवर मराठी कळफलक लावून तीन गोष्टी करून पाहतो: नावाच्या रकान्यात ‘वऱ्हाडे’ लिहून मधले एक अक्षर खोडून पुन्हा घालतो, आराजीत देवनागरी अंकांत ०.०५ लिहितो, आणि तीन गटांपैकी मधला गट काढून टाकतो. परवा तिसऱ्या पायरीला आराजीची सूचना पुन्हा चुकीच्या ओळीखाली उमटली; नवीन पडद्यावर मी घाईत क्रमालाच ‘की’ करून ठेवले होते.